पोर्ट्रेटसाठी कुठली लेन्स घेऊ? आधी सांगा, उभे कुठे राहणार

वाचकाचं पत्र, थोडक्यात: दोनेक वर्षं क्रॉप सेन्सरचा कॅमेरा (ज्यात चित्र टिपणारा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असतो) वापरतायत. सोबत १८-५५ (कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स) आणि ५५-२५० अशा दोनच लेन्स (हे आकडे फोकल लेंथचे, एमएममध्ये; आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), त्यातली दुसरी बहुतेक बॅगेतच असते. फोटो काढतात ते घरच्यांचे आणि ओळखीतल्यांचे: एका जागी न थांबणारा चार वर्षांचा भाचा, खिडकीपाशी बसणारे आजोबा, कामाच्या प्रोफाइलसाठी हेडशॉट मागणारे मित्रमैत्रिणी, आणि सगळे जमले की दहा-बारा जणांचा ग्रुप. जागा म्हणजे घरातली दहा बाय बाराची खोली, क्वचित बाहेर. तक्रारी तीन. चेहऱ्यावर नाक मोठं दिसतं, बॅकग्राउंड ब्लर होत नाही, आणि ग्रुपमध्ये कडेची माणसं ताणल्यासारखी जाड दिसतात. एका लेन्सपुरते पैसे साठलेत. एक मित्र म्हणतो पोर्ट्रेट म्हणजे ८५ एफ १.४ (एफचा आकडा छोटा तेवढं लेन्सचं भोक मोठं), डोळे मिटून घे. दुसरा म्हणतो ७०-२०० एफ २.८ घे, सगळं त्यात आलं. तिसरा म्हणतो क्रॉपवर काही खरं नाही, सगळं विक आणि फुल फ्रेमवर जा. घरचे म्हणतात फोटो चांगलेच येतात की. "नक्की काय करू? आणि जाता जाता, नव्या लेन्सला यूव्ही फिल्टर लावू का?"

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची माहिती कुठली असेल तर ती खोलीची. तिघा मित्रांनी तीन सल्ले दिले पण खोली केवढी आहे हे एकानेही विचारलेलं दिसत नाही, त्यामुळे होतं काय की सल्ले तसे चुकीचे नाहीत पण तुमच्या उपयोगाचेही नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तुमच्या बाबतीत अंगण खरोखरच लहान आहे.

एक छोटा हिशोब सांगतो, हा एकदा जमला की कुठल्याही लेन्सबद्दल कुणाला विचारायची गरज उरत नाही. फोटोत जेवढी उंची बसवायची आहे त्याला फोकल लेंथने गुणायचं आणि सेन्सरच्या लांब बाजूने भागायचं, की समोरच्यापासून किती लांब उभं राहावं लागेल ते कळतं. सेन्सरची लांब बाजू फुल फ्रेमला ३६ एमएम, क्रॉपला साधारण २३.५ (कॅननच्या क्रॉपला थोडी कमी, २२ च्या आसपास). आता कॅमेरा उभा धरून एका माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढायचा, वरखाली थोडी जागा सोडून फ्रेम २ मीटर उंच धरू. क्रॉपवर ८५ लावली तर तुम्हाला ७ मीटरच्या वर लांब जावं लागेल, म्हणजे तेवीस-चोवीस फूट. कमरेपासून वरचा फोटो, ९० सेंटीमीटरची फ्रेम, तरी सव्वातीन मीटर. तुमची खोली बारा फुटांची, त्यातून माणूस भिंतीला चिकटलेला नको म्हणून दोन फूट गेले, तुम्ही स्वतः कॅमेऱ्याच्या मागे उभे त्याचे दीड फूट गेले, उरले आठ-साडेआठ फूट म्हणजे अडीच मीटर. त्यात ८५ वर फक्त डोकं-खांद्यांचा फोटो बसतो, बाकी काही नाही. म्हणजे साठवलेले सगळे पैसे घालून एकाच प्रकारचा फोटो काढता येईल, आणि भाचा पळाला की तुम्ही भिंतीला पाठ लावून नुसतं बघत बसाल.

आता नाकाचं बघू, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की किट लेन्स चेहरा बिघडवते. लेन्स काही करत नाही हो, बिघाड होतो तो अंतराने. चेहरा कसा दिसेल, नाक किती पुढे येईल, कान किती मागे जातील, हे फक्त तुम्ही किती लांब उभे आहात यावर ठरतं, फोकल लेंथ फक्त त्यातला किती तुकडा कापून घ्यायचा ते ठरवते. १८ एमएमवर चेहऱ्याने फ्रेम भरायची तर तुम्हाला समोरच्याच्या जेमतेम फूटभर जवळ जावं लागतं. तेवढ्यावरून नाक कॅमेऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर आणि कान ४०-४२ वर, मग नाक मोठं दिसणारच. दीड मीटरवर हाच फरक आठ-नऊ टक्क्यांवर येतो आणि डोळ्याला तो जाणवत नाही. २०१८ साली प्लास्टिक सर्जरीच्या एका जर्नलमध्ये सेल्फीबद्दल हाच हिशोब आला होता, १२ इंचांवरून नाक ५ फुटांवरून दिसतं त्यापेक्षा साधारण ३० टक्के मोठं दिसतं म्हणून.

खात्री करायची असेल तर आजच करा, पैसे लागत नाहीत. कुणालातरी खुर्चीत बसवा, स्वतः दीड मीटरवर उभे राहा, पाय न हलवता एक फोटो १८ वर काढा आणि एक ५५ वर. मग १८ वाला कडेने कापून (क्रॉप करून) ५५ एवढा करा. क्वालिटी खराब दिसेल ते सोडा, पण नाक, कान, जबडा दोन्हीत अगदी सारखे निघतील.

याची दुसरी बाजू पण आहे जी कुणी फारशी सांगत नाही. खूप लांबून काढलं, समजा २५० वर नऊ-दहा मीटरवरून, तर चेहरा सपाट होतो, कान पुढे आल्यासारखे वाटतात, गोल चेहरा आणखी रुंद दिसतो. बारीक, टोकदार चेहऱ्यांना ते शोभतं, सगळ्यांना नाही. आणि दहा मीटरवरून तुम्ही समोरच्याशी बोलणार कसं? ओरडून "हसा, हसा" म्हटल्यावर जे हसू येतं ते कुणालाच नको असतं. माझं ठाम मत आहे की चेहऱ्याच्या फोटोला दीड ते तीन मीटर हे अंतर उत्तम, कारण त्या अंतरावर आपण माणसांशी नेहमीच्या आवाजात बोलतो आणि चेहरा पण आपल्याला ओळखीचा दिसतो तसाच दिसतो. आधी हे अंतर धरायचं, मग त्या अंतरावरून जे हवंय ते ज्या फोकल लेंथमध्ये बसतं ती आपली लेन्स. हीच पद्धत फुल फ्रेमवाल्यांना, मोबाइलवाल्यांना, सगळ्यांना लागू आहे.

आता ब्लर. एफ नंबर छोटा की ब्लर जास्त हे अर्धंच खरं आहे. लांबचं बॅकग्राउंड किती पुसलं जाईल याचा अंदाज घ्यायचा तर फोकल लेंथला एफ नंबरने भागा, जो आकडा येईल तो म्हणजे लेन्सचं उघडलेलं भोक किती एमएमचं ते, आणि माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवला तर मागच्या लांबच्या गोष्टींचा ब्लर या भोकाच्या मापाने वाढतो. तुमची किट ५५ ला एफ ५.६, म्हणजे जेमतेम १०. म्हणून ब्लर होत नाही. ५० एफ १.८ म्हणजे २८. ८५ एफ १.८ म्हणजे ४७, आणि मित्राची लाडकी ८५ एफ १.४ म्हणजे ६१. आता बॅगेत पडून असलेली ती दुसरी लेन्स बघा, २५० ला एफ ५.६: ४५ येतं! म्हणजे मोकळ्या मैदानात, झाडं बरीच मागे असतील अशा जागी, तुमच्याकडची ही बिनमहत्त्वाची समजलेली लेन्स जवळपास ८५ एफ १.८ एवढा ब्लर देईल. अट एवढीच की कमरेपासूनच्या फोटोला साडेनऊ मीटर मागे जावं लागेल आणि उजेड भरपूर पाहिजे. अगदी २५० पर्यंत नका जाऊ, वर म्हटलं तसं चेहरा सपाट होतो, १०० ते १३५ च्या मध्ये राहा. तरी ब्लर छान येतो आणि चार-पाच मीटरवरून बोलताही येतं. बाहेर दोघांचे फोटो काढायचे असतील तर मी तुमच्या जागी याच लेन्सने काढेन.

खोलीत मात्र कुठलीच लेन्स जादू करत नाही, कारण भिंत दोन फुटांवर आहे. माणसाला भिंतीपासून जमेल तेवढं पुढे आणा, खोलीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी वापरा (दहा बाय बाराच्या खोलीत ती साडेपंधरा फूट भरते, बरीच मदत होते), दार उघडं ठेवून मागची पलीकडची खोली बॅकग्राउंड म्हणून घ्या. यातलं काहीही लेन्सपेक्षा जास्त फरक पाडेल.

आणि एफ १.४ चं खूळ डोक्यातून थोडं काढा असं सांगेन. क्रॉपवर ८५ एफ १.४ ने डोकं-खांद्यांचा फोटो घेतला तर शार्प राहणारी जाडी साडेतीन-चार सेंटीमीटर असते. चेहरा जरा वळला की पुढचा डोळा शार्प आणि मागचा मऊ. दोघं शेजारी असतील आणि एक टीचभर मागे असेल तर तो गेलाच. ज्यांच्याकडे ही लेन्स आहे ते लोकसुद्धा बऱ्याचदा २ किंवा २.८ वर शूट करतात, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच. गंमत म्हणजे पोर्ट्रेटसाठी मोठ्या भोकाची लेन्स पहिल्यांदा आली ती ब्लरसाठी नव्हतीच. १८४० मध्ये योसेफ पेट्झवालने व्हिएन्नात जी लेन्स बनवली, साधारण एफ ३.६ ची, ती उजेडासाठी होती, तेव्हाच्या प्लेटा इतक्या मंद होत्या की माणसाला पुतळ्यासारखं बसून राहावं लागायचं. जास्त उजेड आत आला की कमी वेळ बसावं लागणार, एवढा साधा हेतू.

आणि तुमच्या भाच्याला नेमकं तेच पाहिजे. पळणाऱ्या पोराला थांबवायला शटर १/५०० सेकंदाच्या आसपास लागतो, खोलीत एफ ५.६ वर तो मिळवायचा तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) एवढा चढतो की चेहऱ्यावर रवा दिसायला लागतो. एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलात की जवळपास दहापट उजेड आत येतो. दहापट! आणि एफ १.८ वरून एफ १.४ वर गेलात की फक्त दीडपटीच्या थोडं वर. पैसे मात्र याच शेवटच्या टप्प्याला सगळ्यात जास्त मोजावे लागतात आणि लेन्स पण चांगलीच जड होते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही हे पण लक्षात असू द्या, ते तुमचा हात हलला तर सांभाळतं, भाचा हलला तर नाही.

तर माझं उत्तर ५० एफ १.८. क्रॉपवर तिची फ्रेम फुल फ्रेमच्या ७५ ते ८० सारखी पडते, म्हणजे तुमचा मित्र ज्या ८५ चं कौतुक करतोय त्याच्या जवळपास तुम्ही तसेच पोचता. डोकं-खांद्यांना सव्वा मीटर लागतं, त्यात हेडशॉट निघतात, जरा मागे सरकून दीडवर उभे राहा आणि नंतर थोडं क्रॉप करा. कमरेपासूनला दोन मीटरच्या आत. चार वर्षांचा पोरगा पूर्ण बसवायला पावणेतीन मीटर, खोलीच्या तिरक्या लांबीत होऊन जातं. मोठ्या माणसाचा पायापर्यंतचा फोटो खोलीत होणार नाही, त्याला सव्वाचार मीटर लागतात, तो बाहेर काढा किंवा किटने काढा. बहुतेक कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्समध्ये ती मोडते, त्यामुळे साठवलेल्यातले बरेच पैसे हातात राहतील.

३५ एफ १.८ का नाही, असं काहीजण विचारतील आणि रास्त विचारतील. भाचाच मुख्य विषय असेल, त्याचं खेळणं, पसारा, अंगावर येणं हे सगळं हवं असेल तर ३५ जास्त चांगली. आजोबांचं पण तसंच, खिडकी, त्यांची खुर्ची, हातातला चष्मा फोटोत असतील तरच तो आजोबांचा फोटो वाटतो, मागचं सगळं पुसून टाकलं तर नुसता एक म्हातारा चेहरा उरतो, तिथे मी ब्लर मुद्दाम कमी ठेवतो. पण ३५ ने हेडशॉट काढायला जाल तर ९० सेंटीमीटरवर याल आणि नाकाची तक्रार परत सुरू. तुमच्या यादीत चेहरे जास्त आहेत म्हणून ५० आधी.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तुमचे जुने फोटो विचारा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथ लिहिलेली असते, लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून गाळून बघता येतं. तुम्हाला आवडलेले फोटो तेवढे घ्या, सगळे नाही, आणि ते कुठे जमा होतायत बघा. मग किट लेन्सची झूम रिंग ५० वर ठेवून वर चिकटपट्टी लावा आणि काही दिवस तशीच वापरा, मग ३५ वर. कुठल्या आकड्यावर चिडचिड जास्त होते ते लगेच कळेल. फक्त उजेड आणि ब्लर किटचाच असेल, तेवढं समजून घ्या.

हेडशॉटबद्दल एक. तिथे एफ १.८ वापरू नका, ४ च्या आसपास ठेवा, दोन्ही डोळे आणि कान नीट यायला पाहिजेत, कामाच्या फोटोत कलाकुसर कुणी मागितलेली नसते. खिडकी बाजूला घ्या, मोठा दिवा बंद करा म्हणजे दोन रंगांचा उजेड मिसळणार नाही, फोकस जवळच्या डोळ्यावर. बास.

ग्रुपसाठी नवीन लेन्स अजिबात नको. कडेची माणसं जाड दिसतात कारण १८ वर कडेला जे येतं ते ताणलं जातं, महागड्या वाइड लेन्सने पण ते होतंच. शक्य असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, सहा मीटर मागे जा, किट ३५ वर ठेवा, एफ ५.६ किंवा ८, आणि दोन ओळी करा. खोलीतच काढायचा असेल तर एका लांब ओळीऐवजी तीन ओळी करा, पुढचे खाली बसलेले, म्हणजे ग्रुप अरुंद होतो आणि कडेला कुणाचा चेहरा येत नाही. कॅमेरा छातीच्या उंचीला, सरळ. एकामागून एक चार-पाच फोटो काढा, डोळे कुणीतरी मिटतंच.

७०-२०० एफ २.८ बद्दल फार लिहीत नाही. अप्रतिम लेन्स आहे, वजन एक ते दीड किलो, आणि जिथे तुम्हाला जागा सोडता येत नाही, स्टेज, मोठे हॉल, मैदान, तिथे तिला पर्याय नाही. तुमच्या खोलीत तिचा ७० चा भाग कसाबसा वापराल आणि पुढचा सगळा बॅगेत राहील. दुसऱ्या मित्राला बहुधा मोठ्या कार्यक्रमांचे फोटो काढावे लागत असतील.

फुल फ्रेमवाल्या मित्राचं म्हणणं मात्र जरा नीट बघू, कारण त्यात तथ्य आहे. त्याच एफ नंबरला आणि त्याच फ्रेमला ब्लर जास्त मिळतो, अंधारात फाइल स्वच्छ येते. ५० एफ १.८ क्रॉपवर जे चित्र देते तसंच फुल फ्रेमवर मिळवायला ७५ ला एफ २.७ च्या आसपास पुरतं, म्हणजे तिथे एफ १.८ लावली की हातात आणखी वाव राहतो. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन त्याने हलत पण नाहीत. तीच फ्रेम हवी असेल तर उभं तिथेच राहावं लागणार, म्हणून नाक तेवढंच दिसणार, ग्रुपच्या कडा तेवढ्याच ताणणार. शिवाय बॉडी बदलली की क्रॉपसाठी बनलेल्या लेन्स पण बदलाव्या लागतात, तेव्हा "एका लेन्सपुरते पैसे" हे गणित कोसळतं. वर्षभर ५० वापरा आणि तरी उजेडाचीच अडचण येतेय असं दिसलं तर तेव्हा हा विषय काढा. ८५ पण तेव्हाच, फुल फ्रेमवर ती कमरेपासूनचा फोटो दोन-सव्वादोन मीटरवरून देते, म्हणजे तुमच्या त्याच खोलीत बसते, आणि तेव्हाही आधी एफ १.८ वालीच बघा.

घेताना दोन गोष्टी. निकॉनचा डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, जुन्या एएफ-डी ५० वर ऑटोफोकस चालणार नाही, एएफ-एस लिहिलेली घ्या. आणि सेकंडहँड घेत असाल तर लेन्समधून टॉर्च मारून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सोडून द्या. अपर्चरच्या (भोक लहानमोठं करणाऱ्या) पात्यांवर तेल नको. तिथल्या तिथे एफ १.८ ला कुणाच्या तरी डोळ्यावर फोकस करून चार-पाच फोटो काढा आणि स्क्रीनवर झूम करून बघा, फोकस दर वेळी पुढे किंवा मागे पडत असेल तर नको.

यूव्ही फिल्टर: डिजिटल सेन्सरला यूव्हीचा (अतिनील किरणांचा) तसा त्रास नसतो, त्यामुळे फिल्टर म्हणजे काचेवर काच. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बरेच फोटो काढता, स्वस्त फिल्टर असेल तर तिथेच धुरकटपणा आणि उजेडाचे डाग येतील. भाच्याची बोटं लेन्सला लागण्याची भीती असेल तर हूड (लेन्सच्या तोंडावर लावायची कडा) लावा, तो धक्का पण झेलतो आणि बाजूचा उजेड पण अडवतो. बऱ्याच ५० एफ १.८ सोबत तो येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, घेताना मॉडेल नंबर जुळवून घ्या.